स्क्रीनवरचा पत्ता

त्या गुरुवारी बापूराव जनबंधू सावरटोल्याहून ब्रह्मपुरीला गेले, ते फक्त एक बॅटरी आणायला. काळीपिवळी जीपमध्ये पुढच्या सीटवर पाचवे बसून, एक पाय जवळजवळ बाहेर ठेवून गेले. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या काठोकाठ भरलेल्या, आभाळ खाली उतरलेलं. बॅटरीच्या दुकानातल्या चंदननं विचारलं, "कोणत्या गाडीची पाहिजे, काका?"

"गाडीची नाई. फोनची."

चंदन हसला. "आता घरचा फोन कोण ठेवते, काका?"

बापूरावांनी खिशातून पैसे काढले. चौतीस वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात लाइनमनकी केली होती. त्यातली बावीस एटापल्लीच्या पलीकडे, मुरेवाडा नावाच्या जंगलातल्या गावी. पावसात खांबावर चढायचं, तुटलेली तार दातांत धरून दुसरी जोडायची, खाली उतरून कानाला फोन लावायचा आणि पलीकडचा तो एकसुरी 'ऊंऽऽ' ऐकला की मगच बिडी पेटवायची. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचा करंट असतो. गावात आठ दिवस लाइट नसली तरी फोन जिवंत. "तारेत जीव असते," असं ते म्हणायचे, आणि त्यात त्यांच्या मते काव्य वगैरे काही नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात सावरटोल्याची तांब्याची लाइन कायमची बंद झाली. नागपूरला नोकरीला असलेला मुलगा कुलदीप दोन दिवस येऊन इंटरनेटवरचा फोन बसवून गेला. फॉर्म त्यानंच मोबाइलवर भरला. भिंतीवर एक पांढरा डबा, त्यावर चार हिरवे दिवे, आणि डब्यातून निघालेली वायर फोनला. घरात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून हा फोन हवाच होता. आवाज स्वच्छ यायचा, पण बोललेलं पलीकडे जरा उशिरा पोचायचं, आणि मधूनच वाक्याचं शेपूट तुटायचं. लाइट गेली की डबा मेलेला. सोबत आलेली छोटी बॅटरी वीस मिनिटं टिकायची.

बापूरावांना स्वतःसाठी फोन नको होता. भागीरथाबाईंना दमा होता. म्हणून ते बॅटरी घेऊन आले, तिला वायर जोडली, मेन स्विच पाडून घड्याळ लावून बसले. तीन तास दहा मिनिटं. "बस झालं," ते म्हणाले. भागीरथाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आणि चवथ्या तासाले काही झालं तं?"

शनिवारी वरच्या धरणाची दारं उघडली. रविवारी पहाटे पाणी गावात शिरलं.

जनबंधूंचं घर गावाच्या टोकाला, वैनगंगेच्या बाजूला, पण जोतं उंच. गाव शाळेच्या टेकडीवर हललं. डोमा मेश्राम हा शेजारचा ढिवर डोंगा घेऊन दारापर्यंत आला, पण त्या डोंग्यात आधीच दोन लेकुरवाळ्या होत्या. "भाऊ, यायले सोडून येतो. काकूले घेऊन तयार राहा," म्हणाला आणि वल्हं मारत गेला. तो धारेला लागला. टेकडीजवळ एक बाभूळ वाहत येऊन डोंग्यावर आपटली, डोंगा फुटला, माणसं वाचली. हे सगळं बापूरावांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांना एवढंच कळत होतं की सकाळचे दहा वाजत आले, लाइट पहाटेपासून नाही, आणि डोमा परत आलेला नाही.

चारी बाजूंना पाणी. मातकट, जाड, आवाज न करता सरकणारं. मधूनच एखादा ओंडका, एखादी कोंबडी, कुणाचं तरी पायताण. पाच पायऱ्यांपैकी दोन उरल्या होत्या. घरात ओल्या भिंतींचा आणि मेलेल्या गवताचा वास भरला होता.

आणि मग भागीरथाबाईंना दम लागला.

पंप दोनदा ओढला, तिसऱ्यांदा नुसती हवा आली. त्या खाटेवर उठून बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, खांदे वर उचलले. छातीतून शिट्टी वाजत होती. बापूरावांनी बॅटरीची वायर जोडली. एक दिवा लागला, दुसरा, तिसरा. चौथा लागायला फार वेळ लागला. त्यांनी आणीबाणीचा नंबर फिरवला.

"बोला, काय मदत हवी आहे?" एका मुलाचा शहरी आवाज.

"माझ्या बायकोले दमा आहे, दम लागला. घर पुरात आहे. गाव सावरटोला, तालुका ब्रह्मपुरी…"

बापूरावांचं बोलणं संपल्यावर दोन श्वास काही नाही. मग: "काका, आवाज तुटतोय. पेशंटचं नाव?"

"भागीरथा जनबंधू. गाव लिहा, सावर…"

"नाव मिळालं. पत्ता आम्हाला स्क्रीनवर दिसतोय, काळजी करू नका. गाडी निघाली आहे. फोन चालू ठेवा."

"भाऊ, गाडी नाई, बोट पाहिजे, बोट…"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर नुसतं वाद्य वाजत राहिलं, आणि एक बाई सांगत राहिली की आपण प्रतीक्षेत आहात. बॅटरी खर्च होत होती. गाडी निघाली असं तो म्हणाला होता. बापूरावांनी फोन ठेवला आणि बायकोची पाठ चोळत बसले. पाठ घामानं थंड होती.

अकरा वाजता फोन वाजला.

"काका, गाडीवरून बोलून राह्यलो. आलो आम्ही," ड्रायव्हर म्हणाला. मागे इंजिनाची घरघर होती. "तुम्ही तं पूर आहे म्हणले. पाणी कुठी आहे? इथी तं सगळं कोरडं आहे."

बापूराव खिडकीशी गेले, वायर पुरेल तेवढे. बाहेर पाणीच पाणी. "कुठी आले तुम्ही?"

उशीर. मग आवाज: "मुरेवाडा. जुन्या एक्स्चेंजच्या मागची क्वार्टर. कौलं पडली आहेत अर्धी. समोर मोहाचं झाड."

 कुलदीपनं फॉर्म भरताना त्यांचं जुनं ओळखपत्र जोडलं असणार, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं. मुरेवाड्याची ती दोन खोल्यांची क्वार्टर. बदली होऊन ती सोडली त्याला अठरा वर्षं झाली होती. सामान ट्रकमध्ये चढल्यावर भागीरथाबाई पुन्हा आत गेल्या होत्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नव्हत्या. नंतर कितीतरी महिने त्या कामात मध्येच थांबायच्या. "माझं काही तिथीच राह्यलं, अजी," म्हणायच्या. "काय राह्यलं? पाटा? स्टोव्ह?" असं विचारलं की मान हलवायच्या. पुढं त्यांनी ते बोलणं सोडून दिलं.

"भाऊ, पत्ता चुकला," बापूराव घाईनं म्हणाले. "तिथी कोणी राहत नाई. आम्ही ब्रह्मपुरीकडे आहो. तुम्ही तिकडे कळवा, इकडची गाडी…"

त्यांचं बोलणं पोचायच्या आधीच ड्रायव्हर बोलायला लागला होता. दोन्ही आवाज एकमेकांवर चढले. "…बाई दारातच उभी आहे काका, भेटली. लय दम लागून राह्यला तिले."

"कोण बाई?"

पाण्यात काहीतरी डुबकन बुडालं. बापूराव मोजत होते. एक श्वास. दोन.

"तुमचीच ना," ड्रायव्हर म्हणाला. "भागीरथा जनबंधू नाव सांगते. बसवलं गाडीत. तुम्ही मागून या."

फोन कट झाला.

बापूराव वळले. भागीरथाबाई खाटेवरच होत्या, हात गुडघ्यांवर, ओठ जांभळे. त्यांनी फोनवरचं काही ऐकलं नव्हतं. बोलण्याइतका श्वासच त्यांच्यात नव्हता. बापूरावांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे पाहिलं, पण मनात एकही गाथा येईना. जंगलातली कुणी वेडी बाई असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. ड्रायव्हरनं नाव विचारलं असेल, तिनं हो म्हटलं असेल. तसंच असेल.

त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. वाद्य वाजत राहिलं. चारातला एक हिरवा दिवा लाल झाला.

मग भागीरथाबाई हलायला लागल्या. आधी बापूरावांना वाटलं, धाप लागून हलताहेत. पण धापेचं हलणं पुढं-मागं असतं. त्या डावीकडे कलत होत्या, मग उजवीकडे, मग एकदम वर उसळून खाली बसत होत्या. खाट हलत नव्हती. बापूरावांनी त्यांना धरलं, तर तो हिसका त्यांच्याही हातात आला. एटापल्लीच्या त्या रस्त्यावर त्यांनी बावीस वर्षं सायकल चालवली होती. मुरेवाड्याचा नाला, मग उताराचं वळण, मग दगडांचा पट्टा. त्यांचा हात कोणता खड्डा कधी येणार ते ओळखत होता.

"भागीरथे," ते हळूच म्हणाले. "कुठी आहेस तू?"

त्यांनी डोळे उघडले. पाहिलं. त्यांच्या केसांना डिझेलचा वास येत होता.

सव्वाबारा झाले असतील. हलणं थांबलं. भागीरथाबाई आडव्या झाल्या, नव्हे, कुणीतरी उचलून ठेवावं तशा आडव्या पडल्या. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला रक्ताचा एक ताजा थेंब उगवला. बापूराव बघत होते. सुई नव्हती, हात नव्हता, काहीच नव्हतं. थेंब आला आणि कुणी बोटानं दाबून धरावा तसा जागीच थांबला.

फोन वाजला.

"दवाखान्यातून सिस्टर दीपिका बोलून राह्यली. भागीरथाबाईचे घरचे काय?"

 "सिस्टर, ऐका माझं. ती बाई…"

"काका, पेशंट लय सिरीयस आहे. श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागते. मशीन एकच आहे आमच्याकडे. घरच्या माणसानं हो म्हणलं पाहिजे. ही तुमचीच बाई होय ना?"

"सिस्टर, माझी बाई इथी…"

"थांबा थांबा, काका. मास्क निघाला तिचा."

त्याच क्षणी खाटेवर भागीरथाबाईंचा श्वास बंद झाला. शिट्टीही थांबली. तोंड उघडं, डोळे पांढरे, टाचा चादरीवर घासताहेत. बापूराव फोन हातात धरूनच खाटेकडे धावले, वायर ताणली, डबा भिंतीवरून लटकला. फोनमध्ये दूरवर भांडं पडल्याचा आवाज, कुणाचं तरी "धर, धर". मग सिस्टरचा आवाज: "लावला. हं… आली लाइनवर."

भागीरथाबाईंनी एक लांब श्वास ओढला. मग दुसरा. त्यांच्या गालांवर, नाकापासून कानापर्यंत, इलास्टिक रुतल्यासारख्या दोन लाल रेषा उमटत होत्या.

"काका? ऐकू येते काय? नाई म्हणत असाल तं सांगा. बेवारस पेशंट असली तं मले मोठ्या साहेबाले विचारावं लागते, आणि तेवढा वेळ नाई तिच्यापाशी."

डब्यावर आता एकच हिरवा दिवा होता. तोही मिचकत होता.

बापूराव आयुष्यात खोटं फार कमी बोलले होते. लाइन चालू झाली नसेल तर साहेबासमोरही चालू झाली म्हणाले नव्हते. त्यांनी खाटेकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांचा संसार तिथं तोंड उघडं टाकून पडला होता.

"हो," ते म्हणाले. "माझीच बाई होय."

"मोठ्यानं बोला काका, कटून राह्यलं. पूर्ण बोला."

"ती भागीरथा. माझी बायको. तुमच्यापाशी आहे तीच. वाचवा तिले."

एक श्वास. दोन. आणि मग सिस्टरचा नाही, दुसराच एक आवाज आला. मास्कच्या आतून बोलावं तसा, दबलेला, पण बापूरावांनी तो हजारांत ओळखला असता.

"अजी… आता तं आपलं म्हणलं ना तुम्ही…"

दिवा विझला. फोन मेला.

नंतरचे तीन तास बापूराव खाटेजवळ जमिनीवर बसून होते. पाणी चौथ्या पायरीशी थबकलं होतं. भागीरथाबाईंची छाती सावकाश, अगदी एका मापात वर-खाली होत होती. माणूस घेतो तसा तो श्वास नव्हता, मशीनचा होता. त्यांना हात लावायची बापूरावांची छाती झाली नाही. बाहेर पडायला वाट नव्हती, हाक ऐकायला माणूस नव्हता. ती फोनची वायर मात्र भिंतीतून बाहेर निघून, पाण्यावरून, खांबामागून खांब, कुठं कुठं गेली होती.

चार वाजता डोमा दुसऱ्याचा डोंगा घेऊन आला. भागीरथाबाई आपण होऊन उठल्या, पदर सारखा केला आणि डोंग्यात बसल्या. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी छाती तपासली. "चांगली आहे की. इंजेक्शन कोणी दिलं?" त्यांनी हातावरचा निळा डाग पाहून विचारलं. डोमानं बापूरावांकडे पाहिलं. बापूराव भिंतीकडे पाहत राहिले.

पूर उतरला. घरातला गाळ काढायला कुलदीप आणि सून रश्मी चार दिवस आले. बापूरावांनी मुलाला एवढंच सांगितलं, की फोनवर पत्ता जुना पडला होता, म्हणून गाडी भलतीकडे गेली. कुलदीपचा चेहरा उतरला. "बाबा, माझीच चूक आहे," तो म्हणाला आणि लगेच मोबाइल घेऊन शाळेच्या टेकडीवर चढला, रेंजमध्ये जाऊन तासभर खटपट करून पत्ता बदलून आला. "आता बरोबर दिसते. सगळीकडे."

दवाखान्यात फोन करून चौकशी करावी असं बापूरावांना रोज वाटायचं. हात रिसीव्हरपर्यंत जायचा. ती गेली असं सांगितलं तर? आणि वाचली असं सांगितलं तर? दोन्ही उत्तरं नको होती. भागीरथाबाई मात्र ठणठणीत होत्या. शिट्टी नाही, धाप नाही. शेणगोळा केला, ओटा सारवला, एकदा तर बोरिंगवरून दोन कळश्या भरून आणल्या. इतकं बरं त्यांना वीस वर्षांत नव्हतं. त्या दिवसाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, आणि बापूरावांनी काही सांगितलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, कुलदीप-रश्मी नागपूरला परतल्यावर, फोन वाजला.

"काका, सिस्टर दीपिका. एक खुशखबर. तुमची बाई चांगली झाली. चालते-फिरते. लय आठवण काढते तुमची. म्हणते, अठरा वर्षं झाली, माणूस पाहाले आला नाई." सिस्टर हसल्याचा आवाज आला. "आमची गाडी आज तुमच्याच बाजूनं जाऊन राह्यली. पत्ता पाहिला मी, सावरटोला दाखवते. देऊ पाठवून?"

बापूराव उभे होते ते भिंतीला टेकले. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी शब्द निवडून, एकेक सुटा करून, घसा फोडून सांगितलं.

"सिस्टर, तिले पाठवू नका."

एक श्वास. दोन. तीन.

"…तिले पाठवू… काय म्हणले? शेवटचं कटलं काका. पाठवू ना? बरं बरं, निघतेच गाडी. भेटा मग."

"नका. नका पाठवू. नका," ते म्हणत राहिले. पलीकडे कुणी नव्हतं. चारही दिवे हिरवेगार लागले होते. त्यांनी आलेल्या नंबरवर परत फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एका बाईनं मराठीत सांगितलं, मग हिंदीत सांगितलं.

 भांड्यांचा आवाज थांबला होता. ते आतल्या खोलीत आले.

भागीरथाबाईंनी लोखंडी पेटी उघडली होती. खाटेवर त्यांनी एक धुतलेलं लुगडं काढून ठेवलं होतं, त्यावर घडी केलेलं पोलकं, शेजारी फणी आणि तेलाची बाटली. त्या पेटीचं झाकण लावत होत्या.

"हे कोणासाठी वं?" बापूरावांनी विचारलं. 

भागीरथाबाईंनी लुगड्यावरची सुरकुती हातानं सारखी केली.

"दवाखान्यात नेलं तवा अंगावरच्या कपड्यावरच नेलं ना तिले," त्या म्हणाल्या. "इतक्या दिवसाची एकाच लुगड्यावर आहे, बिचारी."